घंटेचा तडा सांधत नाहीत

मित्रांनो, घंटा वाजवणाऱ्या टोल्याला त्यातून काय मिळणार होतं ते आधी सांगते. थंडीत मनोऱ्याचा जिना चढणं टळणार होतं. दोन्ही हातांनी मला झुलवायची मेहनत वाचणार होती. खालच्या खोलीत शेगडीपाशी बसून, एका हातात चहाचा पेला धरून, दुसऱ्या हातानं काम उरकता येणार होतं. बस्स. एवढ्यासाठी त्यानं माझा गळा कापला.

मी चर्चच्या मनोऱ्यातली जुनी घंटा आहे. जुनी म्हणा, पण बिचारी म्हणू नका. रडगाणं ऐकायचं असेल तर खाली दाराच्या बिजागऱ्या आहेत, त्या दिवसभर कुरकुरतात.

नदीपलीकडच्या ओताऱ्यानं मला घडवलं. मातीचा साचा खड्ड्यात पुरला, तांबं नि कथील वितळवून आत सोडलं, आणि मी पुरती निवेपर्यंत कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. मग बोटाच्या पेरानं एकदाच टिचकी मारली आणि कान लावून इतका वेळ बसला की त्याच्या बायकोला वाटलं, झोप लागली. मला चर्चच्या हवाली करताना तो भर लोकांत म्हणाला, "ही कधी तडकली, तर पुन्हा ओतून देणं माझ्याकडे लागलं." बायकोनं मागून कोपर मारलं. उशीर झाला होता.

मी लग्नांना वाजले, बाप्तिस्म्यांना वाजले, माणसं मातीआड करताना वाजले. लोक म्हणत, आवाज असावा तर असा. मीही ते ऐकून घेत असे.

घंटा वाजवायची एक रीत असते. घंटेला झुलवायचं, तिच्या पोटातली लोखंडी जीभ आपली आपण काठाला लागते आणि लगेच मागे हटते. टोल्याला हे ठाऊक होतं. तरी त्यानं दोर थेट जिभेला बांधला आणि फळ्यांतून भोक पाडून खाली खोलीत सोडला. मग मी जागच्या जागी, आणि जीभ ओढून माझ्यावर हाणलेली, दर वेळी त्याच एका ठिकाणी. वर ती सुटायचीही नाही; मी थरथरत असताना मला दाबून धरायची. एका रविवारी सकाळी मी तडकले. आवाज निघाला तो फुटक्या बादलीचा.

टोल्या धापा टाकत वर आला, तडा पाहिला, आणि आधी काय केलं असेल? जिभेचा दोर सोडून गुपचूप पूर्वी होता तिथे बांधला.

खाली चर्चच्या समितीतले शिंपीदादा बोलत होते, "ओताऱ्यानं कथील कमी घालून पैसे मारले, दुसरं काय! काय हो टोल्या?"

"असेल बुवा," टोल्या म्हणाला.

या दोन शब्दांनी ओताऱ्याचं नाव बुडालं. दुसऱ्या चर्चांनी त्याला बोलावणं सोडलं. मोठी भट्टी थंड पडली आणि घंटा ओतणारा माणूस दाराच्या कड्या नि खुंट्या ओतू लागला. मी सगळं पाहिलं होतं. पण फुटक्या तोंडाचं कोण ऐकतो?

शेवटी काही वर्षांनी समितीनं त्याला दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. तो कप्प्या घेऊन आला. वर चढून त्यानं माझ्या काठावरून अंगठा फिरवला. एकच जागा झिजलेली, बाकी काठ कोरा. मग जिभेवर दोर घासल्याची खूण पाहिली. टोल्या दारात उभा होता, तोंडावरचा रंग उडालेला.

"कळलं ना तुम्हाला?" तो म्हणाला. "खाली फादर आहेत. सांगून टाका. खोली जाईल, काम जाईल. जाऊ दे."

बोल ओताऱ्या, मी म्हटलं, आता बोल! इतकी वर्षं याच घटकेची वाट पाहिली होती.

"कप्पीचा दोर धर," ओतारी म्हणाला. "सावकाश. काठ भिंतीला लागू देऊ नकोस."

संपलं! मित्रांनो, असल्या माफीला माझा विरोध होता. तडा माझ्या अंगावर, आणि माफ करणारा हा कोण? मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

घरी त्यानं बायकोला खरं सांगितलं. तिनं मला शोभेल असा आवाज काढला. "अहो, मग तोंड शिवलं होतं का तुमचं? त्यानं तुम्हाला धुळीला मिळवलं!"

"माझ्या खोटी मोजत बसला असता, तर देवानं मला केव्हाच भंगारात काढलं असतं," तो म्हणाला. "त्यानं कुठे मोजल्या?"

"तो देव आहे. तुम्ही कड्या ओतता."

भट्टी पेटली त्या दिवशी भाता मारायला टोल्या आपणहून आला. फादर आणि शिंपीदादाही बघायला आले. घंटेचा तडा सांधत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नसेल. घंटा फोडतात आणि वितळवतात. त्यात थोडा धातू जळून जातो, ती घट भरावी लागते. ओताऱ्यानं घरातलं होतं नव्हतं तेवढं तांबं टाकलं. तरी कमी पडलं.

तेव्हा बायको आतून आईनं दिलेलं तांब्याचं पातेलं घेऊन आली. "एकटेच मोठे होणार वाटतं? घ्या," म्हणाली आणि डोळे पुसत टोल्याकडे असं पाहिलं, की भाता थांबला.

"दोर मी बांधला होता," टोल्या म्हणाला. "जिभेला. यांच्या धातूत काही खोट नव्हती."

बघा, माफी आधी आली, कबुली मागून. हा क्रम मला अजूनही उलटा वाटतो.

शिंपीदादा उसळले. "याला आजच्या आज हाकला!"

"धातू माझा, मेहनत माझी, तर अटही माझी," ओतारी म्हणाला. "घंटा वाजवील तर हाच."

"याची लायकी तरी आहे का?"

"नाहीच. लायकीनं मिळते ती मजुरी, दादा. ही कृपा आहे."

फादर हळूच म्हणाले, "शिंपीदादा, दर रविवारी 'आम्हांला क्षमा कर' तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणता." शिंपीदादा एकदम भट्टीच्या धुराबद्दल बोलू लागले.

आणि मी? मी राग धरून भट्टीत उतरले होते. पण वितळल्यावर तडा कशात धरून ठेवणार?

मला पुन्हा वर टांगलं तेव्हा टोल्याच्या हातून दोर ओढवेना. "झुलव," ओतारी म्हणाला. "ती आपली आपण लागेल." त्यानं झुलवलं. बेसूर वाजायचं मी ठरवलं होतं. तडा शोधला, सापडेना. मग वाजले, अशी वाजले की नदीपलीकडे लोक दारात आले.

अजूनही कुणी खाली पुटपुटतं, "टोल्याला फुकटात सुटका मिळाली." फुकटात! ज्यांना हे सोसत नाही त्यांनी कानात बोळे घालावेत. मी त्याच्याच हातून वाजणार. मित्रांनो, माझी जीभ ओढू नका, मला झुलवा, एवढं सांभाळलंत तरी पुष्कळ. पण फुकट म्हणण्याआधी कुणी काय भरलं ते ऐका. टोल्यानं काही नाही. शिंपीदादांनी सल्ला दिला. ओताऱ्यानं आपलं नाव दिलं, ते पुन्हा मिळवताना केस पांढरे झाले. त्याच्या बायकोनं आईचं पातेलं दिलं. ते माझ्या काठात कुठेतरी आहे, तिला ते आवाजात ओळखू येतं म्हणे. आणि खाली वेदीवर, क्रुसावर, जो दोन्ही हात पसरून आहे, मागण्यासाठी नव्हे, बाकीचं सगळं त्यानं जीव देऊन भरलं.