शेंड्यावरचा जाडचोच्या

सारापिकी नदीकाठच्या त्या गावात पाखरं दाखवावीत ती आन्सेल्मोनंच. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना पहाटे जंगलात न्यायचं, हे काम तो तरुणपणापासून करत आला होता. हल्ली मुलगी यादिरा सोबत असे. साखरेच्या आजारानं बापाची नजर अधू होत चाललीय, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण तो विषय काढला की तो उठून जाई.

त्या सकाळी एका उंच झाडाच्या शेंड्यावर पिवळ्या पोटाचा माशीमार गप्प बसला होता.

"तो बघा, बिएंतेवेओ," आन्सेल्मो म्हणाला.

यादिरानं पक्ष्याच्या चोचीकडे निरखून पाहिलं. तशाच रूपाचे दोन माशीमार तिथे होते. बिएंतेवेओची चोच बारीक, पंखांना तांबूस कडा, वावर बहुधा खाली, पाण्यालगत. दुसरा जाडचोच्या, तो शेंडा सहसा सोडत नसे आणि त्याची चोच होडीसारखी रुंद. हे सगळं तिला बापानंच शिकवलेलं.

"चोच जरा जाड नाही का?" एका पाहुणीनं विचारलं.

"उजेडामुळे तसं वाटतं," यादिरा घाईघाईनं म्हणाली. "बाबा म्हणतात तोच आहे."

तेवढ्यात पक्षी ओरडला. लांबट, किरकिरा सूर. जाडचोच्याच!

आन्सेल्मोचा वर केलेला हात खाली आला. "चुकलं माझं," तो पाहुण्यांना म्हणाला.

 घरी पोचून ओट्यावर बसल्यावर त्यानं विचारलं, "तुला दिसला होता ना?"

"हो."

"मग खोटं का बोललीस?"

"चारचौघांत तुमचं म्हणणं कसं खोडू, बाबा?"

"अगं, माणसं किती लांबून येतात! त्यांच्या गळ्यात भलताच पक्षी मारायचा?" मग त्याचा आवाज उतरला. "तुझा चेहराही पुसट दिसतो गं आता. तुझ्या आईला ठाऊक आहे. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

यादिरा त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडली.

पुढच्या खेपेला पाहुण्यांना घेऊन ती एकटीच गेली. परतली तेव्हा आन्सेल्मो तिच्यासाठी वाढलेल्या भात-घेवड्याच्या ताटापुढे बसून होता. शेजारी टेकून तिनं काय काय दिसलं ते सांगायला सुरुवात केली. दोन-तीन पाखरांची नावं त्यानं ऐकली; पुढचं त्याला ऐकवेना.

"पुरे," तो म्हणाला. "जेवून घे आधी."