बाहुलीची कावीळ

शटर अर्धं वर सरकवलेल्या त्या गाळ्यात सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नव्हती. पूर्वी तिथे टायरचं दुकान होतं आणि रबराचा वास अजून भिंतींतून गेला नव्हता. आता मधोमध एक टेबल, टेबलावर एनॅमलची पांढरीशुभ्र परात आणि परातीमागे झारीबाबा. समोर रांग. रांगेत प्रत्येकाच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं एक बाळ, कुणाचं चार दिवसांचं, कुणाचं आठ.

बाबाचा हात सराईत होता. बाळाचे हातपाय दुपट्यातून बाहेर काढायचे, कितवं धुणं त्याप्रमाणे ओळीतली बाटली उचलून तिच्यातलं ‘शांतिजल’ त्यावर चोळायचं आणि झारीतून पाण्याची बारीक धार सोडायची. झारीतलं पाणी अगदी नितळ, पण बाळाच्या पायावरून परातीत पडलं की बघता बघता पिवळं. दर वेळी गर्दीतून एकच हुंकार उठे.

“निघाली,” बाबा गर्दीकडे तोंड करून सांगे. “पोरात होती, परातीत आली. दवाखान्यात दिव्याखाली भाजलं की कावीळ घाबरते, आत जाऊन दडून बसते. मी तिला गोडीनं बोलावतो. आणि आयांनो, आईचा चीक कोणत्या रंगाचा असतो? पिवळा. मग पिवळ्याला पिवळं पाजून कावीळ जाईल का? सात धुणी होईपर्यंत दूध बंद. फक्त माझं उकळलेलं पाणी.”

लोक माना डोलावत होते. टेबलाजवळ एक शिंपीण आजी बसली होती, बाबाची कायमची साक्षीदार. ती न विचारता सांगत होती, “माझा नातू इथेच धुतला. आता तीन वर्षांचा झालाय. आधी नुसता किंचाळायचा हो, पाठीची कमान करून. सात धुण्यांत असा शांत झाला की आजूबाजूला भांडी आपटा, मान वर करत नाही. बोलत नाही अजून, पण फार गुणी पोर.”

शटरखालून वाकून आत आलेल्या सिस्टरनं हे ऐकलं आणि ती जागीच थबकली. तीन वर्षांचं पोर भांड्याच्या आवाजाला मान वर करत नाही आणि ही बाई ते कौतुकानं सांगते आहे.

सिस्टर गावच्या प्रसूतिगृहात वीस वर्षं काम करत होती. पोटुशा बायकांचा आणि त्यांच्या नवऱ्यांचा वर्ग घेई. बाळाला कसं धरायचं, कसं पाजायचं, आंघोळ घालताना मान कशी सांभाळायची, हे ती एका रबरी बाहुलीवर शिकवी. बाहुली खऱ्या बाळाच्या वजनाची, पोटात वाळू भरलेली. ती बाहुली बरोबर घेऊन आठ दिवस ती एका प्रशिक्षणाला परगावी गेली होती. मागं धाकट्या भावाला मुलगी झाली. भाऊ रोज फोनवर “सगळं छान आहे ताई” एवढंच सांगे. आज स्टँडवरून ती थेट त्याच्या घरी गेली तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “बाळाला धुवायला नेलंय. आज पाचवं धुणं.” सिस्टर सामानाच्या पिशवीसकट तशीच इकडे धावली होती.

भाऊ रांगेत तिसरा होता. धंद्यानं कापड रंगवणारा रंगारी, त्यामुळं त्याची नखं कायम निळी-जांभळी. शेजारी त्याची बायको बाळाला छातीशी धरून उभी, आणि तिच्या मागे तिची आई, म्हणजे सिस्टरची विहीणबाई. बहिणीला बघून भावाचा चेहरा पडला.

“ताई, तू आज येणार होतीस?”

तिनं बाळाला उचललं, शटरपाशी उजेडात नेलं आणि कपाळावर बोट दाबून काढलं. बोटाखालची कातडी पिवळी. छाती दाबली, पोट दाबलं, मांडी दाबली. पिवळं. तळपायही पिवळे. बाळाच्या पायाला तिनं टिचकी मारली तेव्हा त्यानं ओठ जरासे हलवले आणि पुन्हा मान टाकली.

“लघवीचे लंगोट किती बदलले कालपासून?”

“एक,” वहिनी हळूच म्हणाली.

“या दिवसांत निदान सहा व्हायला हवेत. दूध?”

वहिनीनं आईकडे चोरून बघितलं. “बंद आहे. पण वन्सं, मी पहाटे चोरून पाजलं. दोनदा. मला राहवेना.”

“तेवढ्यावरच टिकलीय ही,” सिस्टर म्हणाली. “चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात.”

“अहो, असं अर्ध्यावर सोडता येत नाही,” विहीणबाई मधे पडल्या. “बाबा म्हणतात, धुणं मोडलं की कावीळ दुपटीनं उलटते. आणि गुण येतोय की. पहिल्या दिवशी पाणी केवढं पिवळं होतं, काल अगदी फिकं. पोरगी रडायचीही थांबली.”

“ती बरी होऊन थांबली नाही. तिच्यात रडायला जीव उरला नाही.”

“ताई, मी डोळ्यांनी बघितलंय गं,” भाऊ म्हणाला. “पाणी रोज फिकं होतंय. रंग मला कळत नाही का? आजचं धरून तीनच धुणी राहिलीत. तुला सांगितलं असतं तर तू हेच केलं असतंस, म्हणून नाही सांगितलं.”

एव्हाना आजूबाजूचे लोक वळून बघू लागले होते. दोन आडदांड स्वयंसेवक शटरपाशी येऊन उभे राहिले. बाबानं लांबूनच हात केला, “कोण आहे? दवाखानेवाली का? त्यांना सांगा, इथे सुई नाही, दिवा नाही, म्हणून त्यांचं पोट दुखतं.” गर्दी हसली.

वाद घालायला तास गेला असता आणि बाळाकडे तेवढा तास नव्हता. सिस्टरनं बाळ वहिनीच्या हातात दिलं, कानाशी लागून “रिक्षा बोलावून ठेव, आणि तोवर पाज” म्हणाली आणि गर्दीकडे पाठ करून आपली पिशवी उघडली.

दोन मिनिटांनी ती टेबलासमोर उभी होती. हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, बाळाच्या तोंडावरून पदर ओढलेला.

“बाबा, माझंही एक बघा. दोन दिवसांचं आहे. आवाजच करत नाही.”

“आली ना ताळ्यावर?” बाबा गर्दीला डोळा मारत म्हणाला. त्यानं दुपट्यातून एक हात आणि एक पाय ओढून काढला आणि त्याकडे न बघताच चोळायला सुरुवात केली. दिवसाला चाळीस बाळं हाताळणारा माणूस तो. त्यातली कितीतरी अशीच मलूल, हात सोडला की खाली पडणारी. निपचित बाळ हाती आलं म्हणून त्याला काही वेगळं वाटलंच नाही. सिस्टरला सगळ्यात जास्त शिसारी आली ती याची.

धार सुटली. परातीत पाणी पडलं, पिवळंधमक.

“अरेरे,” बाबा म्हणाला. “पोटातूनच घेऊन आलंय. फार मुरलेली आहे. हिला सात नाही, चौदा धुणी लागतील. आणि आईनं दूध बिलकुल पाजायचं नाही.”

“नाही पाजत,” सिस्टर म्हणाली आणि दुपटं सोडून बाहुली एका पायानं उलटी वर धरली. तिच्या रबरी टाचेवरून पिवळे थेंब टेबलावर पडत राहिले. “कारखान्यात झालीय ही, बाबा. कावीळ कुठून आणली हिनं?”

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प बसलं. विहीणबाई पुटपुटल्या, “बाहुलीनं दुसऱ्या बाळांची ओढून घेतली असेल.” श्रद्धेला पळवाटा कमी नसतात.

पण भाऊ पुढे आला. त्यानं परातीतल्या पाण्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं आणि थबकला. मग शर्टाच्या खिशातून पांढरा रुमाल काढला, बाबा हात आडवा घालेपर्यंत त्यावर बाटलीतलं शांतिजल ओतलं आणि वरून झारीची धार सोडली. रुमाल पिवळा झाला.

“सालीचं पाणी आहे,” तो म्हणाला. “आंब्याच्या झाडाच्या सालीचं, पातळ केलेलं. आणि झारीत चुन्याची निवळी. दोन्ही वेगवेगळी पाण्यासारखीच दिसतात, एकत्र आली की पिवळा रंग चढतो. मी पंधरा वर्षं हेच करतोय. पुढच्या प्रत्येक धुण्याच्या बाटलीत सालीचं पाणी आणखी पातळ करायचं, म्हणजे रंग फिका पडतो.”

“मग चार दिवस तू काय बघत होतास?” सिस्टरनं विचारलं.

“पोरीचे पाय बघत होतो, ताई. पाण्याकडे बघायचं सुचलंच नाही.”

तोवर झारीबाबा मागच्या दारानं पसार झाला होता. स्वयंसेवकही दिसेनात. शिंपीण आजी तेवढी खुर्चीवर बसून होती.

दवाखान्यात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. काविळीचा आकडा बघून डॉक्टरांनी आधी मोठ्या डॉक्टरांना फोन केला आणि मग या लोकांना बसायला सांगितलं. “उद्यापर्यंत थांबला असता तर बोलायला काही उरलं नसतं,” ते भावाला म्हणाले. “जीव वाचेल. काविळीचं हे विष फार चढलं की मेंदूला आणि कानाला धरतं. कानांचं दीड महिन्यानं तपासू, तेव्हा कळेल.”

तीन दिवस वहिनी दर दोन तासांनी पाजत होती, बाळाला ओढायला बळ नसेल तेव्हा दूध काढून वाटीचमच्यानं देत होती. सिस्टर बाजूला उभी राहून ओले लंगोट मोजत होती. पिवळेपण खरंच उतरलं, परात नसताना. दीड महिना मात्र घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. पोरगी कशाला दचकते आणि कशाला नाही, हे बघायची सगळ्यांनाच भीती वाटत होती.

तपासणीच्या दिवशी सकाळी सिस्टरचा वर्ग होता. रंगाऱ्यानं आपण होऊन सांगितलं, मी करून दाखवतो. टेबलावर बाबा टाकून गेलेली तीच परात, तीच बाहुली. त्यानं साल दाखवली, चुना दाखवला, बाहुलीच्या पायावरून पिवळं पाणी काढलं. “मी रंगारी आहे,” तो वर्गाला म्हणाला, “आणि मी फसलो. तुम्ही फसलात तर लाजू नका, पण लपवू नका.”

मागच्या बाकावर शिंपीण आजी नातवाला घेऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पोरगा जमिनीवर रिकाम्या रिळांचा मनोरा रचत होता.

सामान आवरताना रंगाऱ्याच्या ओल्या हातातून परात निसटली आणि फरशीवर आदळली. सगळा वर्ग दचकला. वहिनीच्या मांडीवर झोपलेल्या पोरीनं दोन्ही हात फेकले आणि टाहो फोडला. भाऊ जागेवरच खाली बसला आणि तिच्याबरोबर रडू लागला. दुपारी यंत्रानंही तेच सांगितलं, कान चांगले आहेत.

पण परात आदळली त्या क्षणी सिस्टर मागच्या बाकाकडे बघत होती. पोरानं रिळावर रीळ ठेवलं होतं आणि आता तिसरं शोधत होतं. शिंपीण आजी उठली, परात उचलून त्याच्या डोक्यामागे धरली आणि बोटांनी जोरात वाजवली. पुन्हा वाजवली. पोरानं वळून बघितलं नाही.

“सिस्टर,” ती म्हणाली, “तीन वर्षांपूर्वी कुणी बाहुली का नाही आणली?”

सिस्टरनं आजीच्या हातातली परात घेतली, दुपारच्या तपासणीच्या कागदावर तिच्या नातवाचंही नाव लिहिलं आणि वर्गाकडे वळली.

“नीट ऐका,” ती म्हणाली. “निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या आठवड्यात थोडी पिवळी होतात आणि दूध पीत पीत बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते. असे बाबा त्या बाळांवर जगतात. उरलेल्यांचं काय होतं ते आत्ता तुम्ही पाहिलंत. बाळ पहिल्याच दिवशी पिवळं झालं, तळहात-तळपाय पिवळे दिसले, पीत नाही, उठवून उठत नाही, लंगोट कोरडे राहतात, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. आईचं दूध कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायचं नाही. रडायचं थांबलेलं बाळ बरं झालं असं समजू नका. आणि कुणी चमत्कार दाखवू लागला, तर त्याच्या हातात आधी बाहुली द्या.”