मागचा डावा पाय

टेक एक.

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि कधीकाळी हिरव्यागार रानात वाऱ्यावर डोलणारं...

बाद. मी कुठेही डोलत नव्हते. मी एका गोदामाचं दार होते. ते मोडलं, आणि सुताराने त्यातून चार खुर्च्या काढल्या. तिघी नीट झाल्या. माझा मागचा डावा पाय मात्र त्याने जेवायच्या घाईत ठोकला. तेव्हापासून माझ्यावरचा माणूस पुढे झुकला की मी बोलते. कुर्र. त्या तिघी नीटनेटक्या बहिणी आज कुठे आहेत? चुलीत गेल्या असतील. नीट असणाऱ्यांना कोण विचारतं!

टेक दोन.

रेकॉर्डिंग स्टुडिओत मला आणलं ते मला हात नाहीत म्हणून. हातांच्या खुर्चीत गिटार घेऊन बसलं की कोपर अडतं. माझ्यावर बसायचा तो गिटारवाला. त्याला सगळे सरडा म्हणत आणि हा गडी त्यावर खूश! ज्या गाण्याला जो रंग हवा तो त्याच्या बोटांत तयार. सकाळी साबणाच्या जाहिरातीसाठी खळखळून हसायचा, दुपारी विरहगीतात रडायचा, संध्याकाळी देवाच्या गाण्यात लीन व्हायचा. तिन्ही वेळा त्याचं मन जेवणाच्या डब्यात.

नावाजलेले बँडही यायचे. केस खांद्यापर्यंत, वाजवणं जेमतेम. त्यांचा गिटारवाला झटापट करून घरी गेला की सरडा माझ्यावर बसायचा आणि त्याचंच वाजवणं त्याच्याच लकबींसकट, पण बिनचूक, वाजवून द्यायचा. रेकॉर्डवर नाव त्या पोराचं. ते पोर पुढच्या आठवड्यात येऊन स्वतःचं वाजवणं ऐकायचं आणि स्वतःच्याच प्रेमात पडायचं. आणि सरडा शेजारी उभा राहून म्हणायचा, "वा! काय हात आहे तुझा!"

अवघड जागा आली की तो पुढे झुकायचा. कुर्र.

"अरे, त्या ओंडक्याला तेल घाल की!" काचेपलीकडून मामा ओरडायचा. मामा म्हणजे रेकॉर्डिंग करणारा म्हातारा. तो कुणाचाच मामा नव्हता.

"राहू दे मामा, हिच्यावरच हात चालतो माझा."

ड्रम आणि ट्रंपेटच्या गदारोळात माझी कुरकुर बुडून जायची, म्हणून निभावलं.

मग सरडा निर्माता झाला. म्हणजे वाजवायचं सोडून वाजवणाऱ्यांच्या चुका काढू लागला. काचेपलीकडे त्याला नवी खुर्ची मिळाली. कातडी, फिरती, खाली चाकं. जिला एका जागी बसता येत नाही तिला मी खुर्ची म्हणत नाही. मला कोपऱ्यात सारलं आणि माझ्यावर वायरींची वेटोळी रचली. 'वा! काय हात आहे तुझा' हे सगळ्यांना सांगणाऱ्याने मला एका शब्दाने विचारलं नाही.

टेक तीन.

त्याची मुलगी आली. तिचं पहिलं गाणं होतं, शब्द तिचे, चालही तिची. एक गिटार, एक गळा, बाकी काही नाही. "मी वाजवू का?" असं बापाने विचारलं तेव्हा ती "नको" म्हणाली. एवढ्यावरून ती मला जरा बरी वाटली. जराच.

तिने गिटार उभ्याने वाजवली. एका ठिकाणी तिची करंगळी तारेवर उशिरा पोचायची. गाणं तिथे दाराशी घुटमळल्यासारखं व्हायचं आणि मगच आत यायचं. गिटार झाली. गाणं नंतर गाते म्हणून ती जेवायला गेली.

दार लागलं तसा सरडा उठला. माझ्यावरच्या वायरी त्याने जमिनीवर टाकल्या.

"अरे, मुलगी आहे ती. गिऱ्हाईक नाही," मामा म्हणाला.

"म्हणूनच. तिला कोणी नाव ठेवायला नको. त्याच टेपवर घ्या."

वाजवलं त्याने. तिचाच हात, तिचाच लाजरा जोर, बोट सरकताना तारेचा निघणारा आवाजसुद्धा तिचाच. फक्त करंगळी वेळेवर. आणि त्याच जागी सवयीने तो पुढे झुकला.

कुर्र.

इथे ना ड्रम होते, ना ट्रंपेट.

ती परत आली, हेडफोन लावले, ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, मी उभी होते."

मामाला एकाएकी चष्मा पुसायचं सुचलं.

"अगं, एवढीशी जागा होती ती. तुझंच आहे सगळं, मी फक्त..."

"माझं कुठे आहे?"

"त्याच्यावरच घेतलं."

"म्हणजे पुसलंस." ती रडली नाही. तिने गिटार त्याच्या हातात दिली. "सगळ्यांसारखं वाजवतोस ना? आता तुझ्यासारखं वाजव. ऐकू दे."

त्याने सुरुवात केली. ते साबणाचं निघालं. थांबला. दुसरं काढलं, ते त्या केसाळ पोराचं होतं. तिसऱ्यांदा बोटं तारांवर ठेवली आणि तशीच राहिली. आयुष्यभराच्या रेकॉर्ड, मित्रांनो, आणि त्यांत त्याचं स्वतःचं म्हणावं असं एकच काही होतं. तेही माझ्या पायातून येत होतं.

"इथेच बस," तिने गिटार काढून घेतली. "काचेपलीकडे गेलास तर परत काहीतरी पुसशील. हात मांडीवर."

तो बसला. तिने उभ्याने वाजवायला घेतलं. ती जागा आली. करंगळी उशीर करू लागली, आणि तो रिकाम्या हातांचा माणूस, श्वास धरून, तिच्यासाठी पुढे झुकला.

कुर्र.

"कुरकुर आली," मामा म्हणाला. "परत घ्यायचं?"

"नाही," ती म्हणाली. "राहू दे."

रेकॉर्ड निघाली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलंय: गिटार, गायन – तिचं नाव. त्याखाली: खुर्ची – बाबा. एवढ्या वर्षांत कुठल्याही रेकॉर्डवर वाजवणारा म्हणून आलेली त्याची ही पहिली नोंद, आणि ती वाचून तो माणूस माझ्यावर बसून मुसमुसला. माझं काम माझ्यावर बसणाऱ्याच्या खात्यात! बसणाऱ्यांची जातच अशी.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. मला पुसा, उन्हात ठेवू नका, माझ्यावर वायरी रचू नका. पण तेलाची कुपी घेऊन माझ्या मागच्या डाव्या पायाजवळ कुणी आलं, तर त्याने आपली बोटं सांभाळावीत.