समुद्रावर जाताना

राधिकाने मोगऱ्याच्या वाफ्यात पाण्याचा पाइप टाकला आणि मान वर केली, तेव्हा श्रीरंग खोलीच्या पायऱ्या उतरत होता. खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला. काल संध्याकाळी नाशिकहून आलेला पाहुणा. त्याने तिला पाहून हात केला आणि तो फाटकाकडे वळला.

विचारावं म्हणून तिने तोंड उघडलं. ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या हरिभाऊंनी, तिच्या सासऱ्यांनी, घसा खाकरला. बाहेर निघालेल्या माणसाला या घरात कोणी ‘कुठे’ म्हणून विचारत नसे. विचारलं की त्याचं काम होत नाही, कधी त्याहून वाईटही होतं, असं हरिभाऊ मानत. लग्न होऊन वाडीत आल्यापासून राधिकानेही ते इतकं पाळलं होतं की तो प्रश्न जिभेवर सहसा येतच नसे. आताही तिने तो गिळला. दूध आणायला निघाला असेल. टॉवेल घेऊन दूध आणायला कोण जातं, हे तिच्या मनात येईतो फाटक वाजलं होतं.

राजोडीतल्या या वाडीत गेल्या दिवाळीपासून दोन खोल्या पाहुण्यांना देत असत. आलेल्या प्रत्येकाच्या हातात राधिका आधी कोकम सरबत ठेवायची आणि मग सांगायला लागायची. गाडी वाळूत नेऊ नका, रुतली की गावातली माणसं गोळा करावी लागतात. नारळाखाली खुर्ची टाकू नका. ऊन चढलं की सुरूच्या बनात बसा, दुसरीकडे सावली नाही. आणि पाण्यात उतरायचं ते भरतीला. ओहोटीची लाट दिसते लहान, पण पायाखालची वाळू ओढून नेते. तेव्हा समुद्रावर जाताना मला सांगून जा. काल हे ऐकून श्रीरंग हसला होता. गोदावरीच्या पुरात उड्या मारलेला माणूस आहे मी, म्हणाला होता. नदीत पोहायला शिकलेल्यांची राधिकाला जास्त धास्ती वाटे. ओढ लागली की ते तिच्याशी झगडत बसतात.

आज पाणी पहाटेच उतरायला लागलं होतं.

ती पाइप तसाच टाकून फाटकापर्यंत गेली. गल्ली रिकामी होती. मागून सुरुचीचा, श्रीरंगच्या बायकोचा, आवाज आला. केस विंचरता विंचरता ती बाहेर आली होती. तिची लहान मुलगी उन्नती पायरीवर बसून बिस्किट खात होती.

"ताई, हे कुठे गेले, पाहिलंत का?"

"नाही हो," राधिका म्हणाली. "मी मागच्या बाजूला होते."

ओट्यावरचा अडकित्ता थांबला. मग पुन्हा चालू झाला.

का म्हटलं असं, हे तिलाही कळलं नाही. पाहिलं म्हटलं असतं, तर अडवलं का नाही हा प्रश्न त्याच्या मागोमाग आलाच असता. तिने चहा टाकते म्हणून सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडं नुसतंच गॅसवर ठेवलं. तिचा नवरा यतीन फुलं घेऊन विरारच्या बाजारात गेला होता, तो उन्हं वर आल्याशिवाय परतणार नव्हता. ती बाहेर आली, तेव्हा सुरुची टॉवेल वाळत घातलेल्या दोरीकडे बघत उभी होती.

"ह्यांचा टॉवेल नाहीये."

त्यानंतर कोणी चहाचं नाव काढलं नाही.

तिघी किनाऱ्यावर पोहोचल्या, तेव्हा समुद्र खूप मागे गेला होता. ओली वाळू लांबवर चकाकत होती आणि तिच्यावर ना माणूस ना कुत्रं. सुरुचीला आधी चपला दिसल्या. पाण्याच्या रेषेच्या थोड्या अलीकडे, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या, आणि त्यांच्यावर घडी केलेला टॉवेल. ती पळत गेली आणि टॉवेल उचलून छातीशी धरून उभी राहिली. पाण्याकडे तोंड करून तिने नवऱ्याला एकदाच हाक मारली.

वर सुरूच्या बनाच्या कडेला गावातला मच्छीमार क्लेमेंट आपली होडी डांबरत होता. राधिकाने त्याला बोलावलं. त्याने चपला पाहिल्या, पाण्याकडे पाहिलं, आणि होडीतून ट्रकची फुगवलेली ट्यूब काढून आणली.

"पानी भायेर चाललंय, वयनी," तो हळू आवाजात राधिकाला म्हणाला. "कवा गेला तो?"

सुरुची ऐकत होती.

"माहीत नाही," राधिका म्हणाली.

क्लेमेंट कमरेइतक्या पाण्यात गेला. तिथून छातीइतक्या. उन्नतीने बाबा कुठे आहेत म्हणून विचारलं आणि ती रडायला लागली. राधिकाने तिला कडेवर घेतलं. पोरीचा चिकट हात तिच्या मानेभोवती पडला. मागून हरिभाऊ येताना दिसले. अनवाणी, उघडेच, पंच्याचं टोक हातात धरून. ते राधिकापासून जरा अंतरावर थांबले आणि दोघांची नजरानजर झाली. टॉवेल घेऊन निघालेला तो माणूस दोघांनीच पाहिला होता. समुद्राने आता काही परत दिलं नाही, तर ते तिसऱ्या कोणाला कळायचं कारण नव्हतं. हरिभाऊंनी मान फिरवली.

"तो बघ, कळंबच्या बाजूने," मग तेच म्हणाले.

किनाऱ्याच्या कडेने एक माणूस येत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. सुरुची टॉवेल टाकून धावली. राधिका मात्र एक पाऊल मागे सरली. तिने उन्नतीला खाली उतरवलं.

श्रीरंगला काय झालं हे कळायला वेळ लागला. तो पाण्यात उतरलाच नव्हता. ओल्या वाळूवर चालत गेला, पलीकडे काही जण जाळं ओढत होते, त्यांच्याबरोबर त्यानेही ओढलं, आणि त्यांनी त्याला मांदेली दिली होती. तो पिशवी उघडून दाखवू लागला. सुरुचीने त्याचा दंड धरला होता आणि ती तो सोडत नव्हती.

"सांगून नाही का जायचं?" ती म्हणाली. "जीव गेला माझा इथे."

"अगं, चोरून थोडाच गेलो? वहिनींना हात करून गेलो की. मोगऱ्याला पाणी घालत होत्या. विचार त्यांना."

क्लेमेंट ट्यूब खांद्याला अडकवून वर येत होता. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं. सुरुचीने मान वळवून राधिकाकडे पाहिलं. रागाने नाही. आपण दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत होतो हे उशिरा ध्यानात आल्यासारखं. हरिभाऊ वाकून मुलीच्या पायाची वाळू झटकू लागले.

मांदेली राधिकाने तळली. सगळे जेवले. श्रीरंगने दोनदा भात घेतला आणि जाळ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. सुरुची पानातलं मुकाट्याने संपवत होती, वाढायला आलं की हाताने पुरे म्हणत होती. संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरलं होतं, ते जेवण झाल्यावर लगेच निघाले.

श्रीरंग बॅगा रिक्षात ठेवत असताना सुरुची फाटकाशी थांबली.

"पुढच्या महिन्यात माझी बहीण यायची म्हणतेय," ती म्हणाली. "तिची दोन्ही मुलं लहान आहेत."

राधिका म्हणाली, "खोली ठेवते मी. आल्या आल्या त्यांना सगळं नीट—"

"ठेवा खोली. जागा चांगली आहे तुमची." सुरुचीने उन्नतीचा हात धरला. "पण इथे काय काय सांभाळायचं, ते मी सांगेन तिला. तुम्ही नका सांगू."