दोन तासांची पुरवणी

पद्माकररावांनी केंद्र सरकारात चौतीस वर्षं काढली, आणि घरात कुठलीही वस्तू यायची म्हटली की एकच प्रश्न विचारला, ‘किती टिकेल?’ लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये घेतलेला कूलर निवृत्तीनंतर मयूर विहारच्या फ्लॅटवरही सोबत आला, तो या प्रश्नाला पुरून उरला म्हणूनच. विनयाताईंना तो कूलर कधीच आवडला नाही. पण तो बिघडायचंच नाव घेत नसल्यामुळे त्यांच्यापाशी मुद्दा नव्हता.

अशा माणसाला आठशे रुपयांची, दोन तास टिकणारी वस्तू हवीशी वाटू लागली होती, आणि हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

वस्तू म्हणजे होडीच्या व्हिडिओ गेमचा नवा भाग. त्यांचा मुलगा चैतन्य नोकरीसाठी गुडगावला नीरज नावाच्या मित्राबरोबर राहायला गेला, तेव्हा आपलं गेमचं यंत्र इथेच टीव्हीखाली ठेवून गेला. मयूर विहार ते गुडगाव, राजीव चौकात मेट्रो बदलून दीड तास. पण चैतन्यच्या येण्याजाण्याचा हिशेब पाहिला तर गुडगाव पुण्याच्याही पलीकडे असावं. मग एका रविवारी त्याने सहज म्हणून बाबांच्या हातात दुसरा कंट्रोलर दिला. दोघांनी मिळून मालाची होडी नदीतून धक्क्याधक्क्याने न्यायची. एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने दोर आणि कंदील सांभाळायचे. चैतन्य सुकाणूला स्टीअरिंग म्हणे. पद्माकरराव ते ऐकून घेत आणि होडी गाळात घालत. इतक्या वेळा घातली, की गेम संपायला चौदा महिने लागले. चौदा महिने मुलगा दर रविवारी आला.

मार्चमध्ये होडी शेवटच्या धक्क्याला लागली. पुढच्या आठ रविवारांत तो दोनदा आला, त्यातल्या एकदा जेवून झोपला.

नवा भाग निघाल्याची पाटी टीव्हीवर दिसली तेव्हा पद्माकररावांनी फोन केला. आपल्या गेमला पुरवणी निघाली आहे, म्हणाले.

“छोडो ना बाबा,” चैतन्य म्हणाला. “दोन तासांत संपतं. आठशेला वर्थ नाहीये बिल्कुल.”

हा हिशेब त्याला त्यांनीच शिकवला होता, त्यामुळे खोडता येईना. बरोबर आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ कूलरकडे बघत बसले.

मंगळवारी त्यांनी पुरवणी विकत घेतली. मोबाइलवर आलेला ओटीपी ते एकेक आकडा मोठ्याने म्हणत टीव्हीवर भरत होते, तेव्हा विनयाताई मेथी निवडत होत्या.

“किती टिकेल?” त्यांनी विचारलं. तीस वर्षांत ही संधी पहिल्यांदाच आली होती.

पद्माकररावांनी आधी ओटीपी पूर्ण भरला. घेतलेला माल तपासून घ्यावा लागतो, एवढंच म्हणाले आणि दुसरा कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. विनयाताईंनी चौदा महिने स्वयंपाकघरातून हा गेम नुसता ऐकला होता. त्यांनी सुकाणू धरलं आणि होडी एकदाही गाळात गेली नाही. वाटेत थांबू म्हटलं तर, आलंच की आता, असं म्हणत त्यांनी होडी पार शेवटच्या चौकीला नेऊन लावली. दोन तास पाच मिनिटं.

रविवारसाठी आणलेली वस्तू मंगळवारीच संपली होती. पद्माकररावांनी यंत्रातली त्या प्रवासाची नोंद पुसून टाकली. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही नोंद पुसली नव्हती. मग चैतन्यला मेसेज केला, ‘पुरवणी घेतली आहे. रविवारी यावे.’

चैतन्य आला. पद्माकररावांनी पहिल्याच वळणावर होडी व्यवस्थित गाळात घातली. एरवी ‘बाबा, यार’ म्हणणारा मुलगा आज काहीच बोलला नाही. मुकाट्याने दोर ओढत राहिला. पुढे धुकं आलं, धुक्यात बंद फाटक आलं.

“इथे काय करायचं असेल बरं?” पद्माकररावांनी विचारलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा स्वयंपाकघरात पुऱ्या लाटणाऱ्या विनयाताईंना ते सोसवेना.

“अहो, कंदील लावा ना आधी,” त्या आतून म्हणाल्या. “त्याशिवाय फाटक उघडत नाही.”

“नाही आई,” चैतन्य म्हणाला. “आधी दोर. कंदील नंतर.”

टीव्हीतलं पाणी तेवढं वाजत राहिलं.

मग एकेक बाहेर आलं. नीरजने आपल्या यंत्रावर हा भाग निघाला त्याच दिवशी घेतला होता, दुसऱ्या हाताला कुणी हवं म्हणून चैतन्य बसला, आणि दोघांनी एका बैठकीत संपवला. बाबांना सोडून खेळलो हे कुठल्या तोंडाने सांगणार, म्हणून वर्थ नाही म्हणाला. तुम्ही काय केलंत, असं त्याने विचारल्यावर पद्माकरराव म्हणाले, की त्यांनी फक्त तपासणी केली.

“शेवटपर्यंत?”

“तुझी आई थांबेना.”

दोघेही थोडा वेळ एकमेकांकडे रागावून पाहत होते, पण राग दोन्हीकडे सारखाच निघाला.

“म्हणजे सगळ्यांचं संपलंय,” विनयाताई दारात येऊन म्हणाल्या. “चला, जेवून घ्या.”

कुणी उठलं नाही. पद्माकररावांनी सुकाणू उजवीकडे वळवलं. तिकडे एक अरुंद ओढा धुक्यात शिरत होता.

“बाबा, तिकडे काही नाहीये.”

“तू पाहिलंस?”

चैतन्यने आठवून पाहिलं. तो आणि नीरज सरळच गेले होते.

“नाही.”

“मग?”

ओढ्यात खरंच काही नव्हतं. नीट पाहून यायला पावणेदोन तास लागले, कारण पद्माकरराव दोनदा गाळात गेले, आणि त्यातल्या एकदा खरोखरीच चुकून. पुऱ्या चिवट झाल्या. त्या तिघांनी टीव्हीसमोरच खाल्ल्या.

संध्याकाळी बूट घालताना चैतन्य म्हणाला, की डाव्या अंगालाही एक ओढा दिसला होता.

“हो,” पद्माकरराव म्हणाले. “तोही पाहावा लागेल.”