बटणाची बाजू

आंधळ्या माणसाला गाणं येतंच, असं लोकांनी का ठरवून टाकलंय, हे गणिताच्या शिक्षिका अनुराधा सरवट्यांना कधी कळलं नाही. त्यांच्या नववीच्या वर्गातल्या जुईचा आवाज अगदीच बेताचा होता आणि सुराशी तिचं कधी जमलं नव्हतं. तरी गणिताऐवजी संगीत घ्यायची सवलत तिला आहे, हे अरेरा कॉलनीतल्या, हिंदी मुलखातल्या त्या शाळेत जो तो तिला येऊन सांगत होता. जुई ऐकून घ्यायची आणि पुन्हा गणिताच्याच तासाला येऊन बसायची.

सातवीपर्यंत तिला चांगलं दिसत होतं. मग डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला आणि बघता बघता उजेड नि अंधार एवढंच तिच्या वाट्याला उरलं. डोकं मात्र तल्लख होतं. समीकरण तोंडी सोडवण्यात वर्गात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडत होतं ते आलेखापाशी. मुख्याध्यापक दुबे सर माणूस वाईट नव्हते, पण आलेखाशिवाय अर्धवट गणित शिकवायची त्यांची तयारी नव्हती. मुलगी रेषा काढू शकत असेल तर बोर्डाच्या नोंदणीच्या अर्जावर गणित लिहू, नाहीतर संगीत, असं त्यांनी सांगून टाकलं.

अनुराधाबाईंना खरा धक्का बसला तो जुईची आई अमृता हिलाही संगीतच हवं आहे हे कळल्यावर. अमृता बँकेत नोकरीला होती, नवरा गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यात पाळीवर. घरचे निर्णय तीच घ्यायची. अनुराधाबाई नेहरू नगरला त्यांच्या घरी जाऊन तासभर बोलल्या. अमृतानं चहा केला, सगळं नीट ऐकलं आणि शेवटी आठवीतली एक परीक्षा सांगितली. त्या पेपरात जुई आलेखाच्या कागदाला नाक लावून, जाड पेनानं त्याच त्या रेघा गिरवत बसली होती. कागद फाटला, शेजारच्या बाकावरच्या मुली हसल्या.

"मॅडम, मी तिला हरताना एकदा बघितलंय," अमृता म्हणाली. "परत बघवणार नाही मला. तुमचं गणित राहू द्या, माझी मुलगी राहू द्या."

 अनुराधाबाई चहा संपवून उठल्या. पण हट्ट सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी कागदावर डिंकाच्या उंचवट्याच्या रेघा काढून पाहिल्या, त्या वाळून सपाट झाल्या. पुठ्ठ्याला टाचण्या टोचून पाहिल्या, तर जुईचीच बोटं टोचली गेली. मग एका दुपारी चौक बाजारातल्या दुकानात त्यांना मॅटी दिसली. भरतकामाचं ते जाड कापड, उभ्याआडव्या दोऱ्यांमध्ये एकसारखी भोकं असलेलं. डोळे मिटून त्यांनी कापडावर बोट फिरवलं आणि एकेक भोक मोजता आलं. जुईचं काम झालं म्हणून बाई तिथंच दुकानात मोठ्यानं हसल्या, आणि दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला.

लाकडी चौकटीत कापड ताणून त्यांनी निळ्या लोकरीचे दोन अक्ष घातले. सुलटी बाजू आणि वरचा उजवा कोपरा जुईला कळावा, म्हणून त्या कोपऱ्यात शर्टाचं एक बटण स्वतःच्या हातानं शिवलं. बटण बोटाला लागलं की चौकट बरोबर धरली आहे, एवढं सोपं. जुईनं मूळबिंदूपासून भोकं मोजत जायचं, बिंदूपाशी टाका घ्यायचा आणि बिंदूंमधून धावदोरा घालत रेषा पुरी करायची.

शिकवताना बाईंनी तिला कसलीही सूट दिली नाही. दोन बिंदूंनी रेषा ठरते, तिसरा पडताळ्यासाठी. रेषा कापड संपलं म्हणून संपत नाही, तेव्हा दोन्ही टोकांना बाण हवेत. बाण राहिले की अर्धा मार्क गेला, हा साऱ्या वर्गाचा नियम जुईलाही होता. जुई बाण हटकून विसरायची आणि बाई हटकून मार्क कापायच्या. घरच्या सरावासाठी सुया कोण ओवून देतं, असं बाईंनी एकदा विचारलं. "मम्मी," जुई म्हणाली. "जेवण झाल्यावर माझ्याजवळ येऊन बैठते, सुया ओवून डबीत ठेवते. बोलत काहीच नाही."

नोंदणीच्या शेवटच्या शनिवारी सगळे मुख्याध्यापकांच्या खोलीत जमले. अमृता कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली होती. सरांच्या टेबलावर अर्ज पडला होता, विषयाची जागा तेवढी कोरी. सरांनी समीकरण ऐन वेळी स्वतःच दिलं. वाय बरोबर दोन एक्स अधिक एक.

जुईनं बटण चाचपलं. एक्स शून्य तर वाय एक, एक्स एक तर वाय तीन, एक्स दोन तर वाय पाच, असं ती पुटपुटली आणि बोटांनी मोजायला लागली. सुई आतबाहेर होत राहिली.  काम झाल्यावर तिनं दोरा तोडला आणि चौकट समोर धरली. सर टेबलावरून वाकले, चौकट घेतली आणि उजेडासाठी खिडकीशी गेले.

चौकट त्यांनी उजेडात धरून नीट पाहिली. मग त्यांनी अनुराधाबाईंना जवळ बोलावलं. "मैडम, लाइन तो नीचे जा रही है," ते हळूच म्हणाले.

बाईंनी पाहिलं. वाय बरोबर दोन एक्स अधिक एक ही रेषा डावीकडून उजवीकडे चढत जायला हवी. समोरची रेषा उतरत होती.  भेदरली असेल पोर, एक्सची बाजू चुकली असेल. आणि हिला इथं ओढून आणलं कुणी, तर मी. सरांना त्या म्हणाल्या की घाबरल्यावर असं होतं.

"मॅम, मैंने चेक केलंय," जुई म्हणाली. "तिसरा पॉइंटपण बसला."

"असू दे बाळा," बाई म्हणाल्या. "असू दे."

इतक्या दिवसांत त्यांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं. जुईचा चेहरा पडला. तिनं हात मांडीवर ठेवले.

अमृता उठली. तिला हवं होतं ते झालंच होतं. जागेवर बसून राहिली असती तरी अर्जावर संगीत लिहिलं गेलं असतं आणि पुन्हा कुणी त्या मुलीपुढे आलेख ठेवला नसता. ती खिडकीशी आली, सरांच्या हातातून तिनं चौकट घेतली आणि कापडावरून अंगठा फिरवला.

"मॅडम, बटण कुठाय?" तिनं विचारलं.

अनुराधाबाईंनी कोपरे पाहिले. बटण कुठंच नव्हतं.

"ही गाठींची बाजू आहे," अमृता म्हणाली. "घेताना उलटी झाली." तिनं चौकट पालटली आणि बाईंपुढे धरली.

बटण वर उजव्या कोपऱ्यात होतं आणि रेषा त्याच्या दिशेनं चढत गेली होती. सरांनी पेनच्या टोकानं भोकं मोजली, तिन्ही बिंदू जागच्या जागी होते. "एकदम सही है," असं म्हणून ते टेबलाशी गेले आणि अर्जाच्या कोऱ्या जागेत त्यांनी गणित लिहिलं. बाईंना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं होतं. ते बटण त्यांनी स्वतः शिवलं होतं. तरी मुलगी चुकली असेल हे त्यांना चटकन पटलं, आणि आपण चौकट उलटी धरली असेल हे मनातसुद्धा आलं नाही. त्या जुईसमोर जाऊन बसल्या. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं.

"कितने मार्क्स, मॅम?" जुईनं विचारलं.

बाईंनी चौकट हातात घेतली आणि रेषेच्या दोन्ही टोकांवरून बोट फिरवलं. त्या क्षणी पूर्ण मार्क देणं किती सोपं होतं.

"पाचांपैकी साडेचार," त्या म्हणाल्या. "बाण राहिलेत."

"मम्मी, सुई दे ना," जुई म्हणाली.

अमृतानं पर्समधून डबी काढली. त्यात एकही ओवलेली सुई उरली नव्हती. तिनं एक सुई उजेडात धरली, पण डोळे इतके भरून आले होते की नेढं दिसेना आणि दोरा पुन्हापुन्हा बाजूनं जाऊ लागला. जुई हात पुढे करून थांबली होती.