पैजेची मिशी

मी मिशी बोलतेय. खोटी आहे, पण आता खरं तेच सांगणार आहे. मधेच हसू नका, ओठ हलला की मी सुटते.

"हिंमत असेल तर लाव ह्याला मिशी!" असं मावशी म्हणाली, आणि आमचा मेकअपदादा फसला.

मावशी म्हणजे मला बनवणारी. धाकट्या बहिणीच्या कापलेल्या वेणीतला एकेक केस तिने जाळीत ओवला. म्हणजे मूळची मी वेणी. पुरुषार्थ नंतर चिकटला, तोही गोंदाने.

तेव्हा टीव्हीसाठी एक मालिका चालली होती. देश कुणी उभा केला, त्या लोकांची. त्यातल्या एका पुढाऱ्याचा जगात एकच फोटो. भर सभेतला, लांबून काढलेला, आणि नेमका तोंडासमोर माईक! दादा म्हणाला, "हा माणूस दिसायचा कसा, हे इथे एकालाही माहीत नाही. मी काहीही चिकटवलं तरी चालेल." त्यावर मावशीने ती पैज लावली. दादा स्वतःच्या झुबकेदार मिशीवर ताव मारत म्हणाला, "लावतो! कुणी पकडलं तर ही खरी उतरवीन."

झालं. मी नटाच्या ओठावर जाऊन बसले. 

डायरेक्टरने विचारलं, "सर, मिशी बरोबर आहे ना?"

सर म्हणजे इतिहासाचे प्राध्यापक. मालिकेचे सल्लागार. सेटवर सगळे त्यांना तळटीप सर म्हणायचे, अर्थात पाठीमागे. माहीत नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना. चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे काय! ऐन उमेदीत ठेवलीच होती त्यांनी."

मावशी पदराआड अशी हसली की तिला ठसका लागला.

मग मी सुटलेच! म्हणजे सुटले नाही, पसरले. मालिका गाजली. सरांनी पुस्तक लिहिलं, त्यात मी. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात मी. पोरं वर्गात पेनाने मिश्या काढायची, ह्या पुढाऱ्याला काढायची सोयच उरली नाही. शेवटी चौकात पुतळा ठरला. साचा सोमवारी भरणार होते. धातूची मिशी म्हणजे कायमची, गरम पाणी लावून निघायची नाही.

त्याआधीच्या शुक्रवारी, मालिकेच्या नव्या भागांचं शूटिंग चालू असताना, त्या पुढाऱ्याच्या मुलीला सेटवर बोलावलं. मुलगी म्हणजे वय वर्षं ब्याऐंशी. घरी टीव्ही नाही. काठी टेकत आली, नटासमोर उभी राहिली.

"हे कोण?"

"आजी, तुमचे बाबा!" डायरेक्टर खूश.

तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ओठ कुठे गेला त्यांचा?"

कुणाला कळेना. तीच सांगायला लागली, "जन्मतःच फाटलेला होता वरचा ओठ. वेडावाकडा शिवलेला. भाषणाला उभे राहिले की लोक आधी हसायचे. आई म्हणायची, अहो, मिशी ठेवा. तर म्हणायचे, ज्या तोंडाने लोकांना घाबरू नका म्हणतो, तेच झाकू? रोज दाढी करायचे. आरसा मी धरायचे."

सर खाकरले. "पण आजी, पुरावा..."

"तुमच्याकडे कुठला आहे?"

"माझंच पुस्तक आहे ना!"

"वय झालं की होतं असं, आजी," डायरेक्टर गोड आवाजात म्हणाला.

आजी खुर्चीत बसली. हाताने आरसा धरल्यासारखं केलं, मग तो हात मांडीवर ठेवला. "मलाच आठवत नसेल का मग?" हे ती स्वतःशीच म्हणाली. मी अगदी समोर होते, ऐकलं.

दादा ब्रश धूत होता. धुतलेलेच परत धूत होता. 

शनिवारी सकाळी एक अनोळखी माणूस आजीच्या दारात उभा. मागे मावशी, मान खाली घालून. त्याच्या नाकाखाली झुबक्याच्या जागी कातडीची पांढरी फटक पट्टी, आणि खिशातल्या डबीत मी.

"आजी, मी मेकअपवाला. मिशी मीच लावली. पैज होती. कुणी पकडलं तर माझी उतरवीन म्हणालो होतो. काल तुम्ही पकडलंत आणि मी शेपूट घातली. तुम्हाला सगळं नीट आठवतंय. चुकलो मी. पुतळेवाल्याला फोन केलाय, साचा थांबवलाय."

 दादा तिच्यासमोर खाली बसला, तोंड पुढे केलं. "टाका कुठून कुठपर्यंत होता? दाखवा. तसाच नमुना पुतळेवाल्याला करून देतो."

तिने बोट त्याच्या उघड्या ओठावर ठेवलं. नाकपुडीपासून सुरू केलं, जरा डावीकडे वळवलं. "इथे थोडा वर ओढलेला. हसले की जास्त दिसायचा," म्हणाली, आणि स्वतःच हसली.

दादा मोकळा झाला. एक गुन्हेगार उरलाच, मी. पहिल्याच दिवशी नटाच्या नाकात एक केस घातला असता तर शिंकेसरशी खेळ खलास. नाही घातला. लाइट आवडले होते मला. कोणाचं काय झाकलंय, ते बघितलंच नाही.

चुकले मी, आजी.